हातुई गावातली स्मिता

शेंदूरजनाघाटला लोक लांबून येतात ते संत्र्याची कलमं न्यायला. सिनेमासाठी इथे कोण येणार? तरी एका रविवारी आमच्या नर्सरीत कलमं बांधणाऱ्या बायांना मी घरच्या टीव्हीवर मृणाल सेन यांचा ‘अकालेर संधाने’ लावून दिला. बंगाली कुणालाच येत नव्हतं, मीच खालच्या ओळी वाचून सांगत होते.

स्मिता पाटील म्हटलं की आपल्याला ‘उंबरठा’तली सुलभा महाजन आठवते. पुण्यात जन्मलेली, मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या सांगणारी ही मुलगी 1980च्या या बंगाली सिनेमात स्मिता नावाची नटीच झाली आहे. कलकत्त्याचं एक युनिट हातुई गावात 1943च्या दुष्काळावर चित्रपट काढायला येतं. त्या दुष्काळात बंगालमध्ये 20 ते 30 लाख माणसं मेली, असा अंदाज आहे. स्मिताला युनिटच्या चित्रपटातली भुकेली सावित्री रंगवायची आहे.

फुरसतीत युनिटवाले उपासमारीचे जुने फोटो एकमेकांना दाखवून साल ओळखायचा खेळ खेळतात! 1943चा वाटावा असा फोटो पुढच्या कुठल्या तरी सालचा निघतो. इकडे सगळ्या युनिटसाठी खरेदी सुरू होते आणि गावात भाव चढतात. तेव्हा आमच्यातली एक जण ताडकन बोलली, “पाहा वो बाई, याहिनंच तं गावचा बाजार खाऊन टाकला!” समीक्षकांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत, एवढं नेमकं मी तरी कुठे वाचलं नाही.

स्मिताचं मोठेपण मला दिसतं ते दुर्गासमोर. दुर्गा म्हणजे श्रीला मजुमदार. नवरा अपंग, म्हणून युनिटकडे कामाला लागलेली गावची बाई. चित्रीकरणात सावित्रीचा नवरा पोराच्या जिवावर उठतो, तशी बघ्यांतली दुर्गा किंचाळते. सावित्रीचं सोंग आणि दुर्गाचं जगणं समोरासमोर येतं. अशा ठिकाणी दुसरी एखादी नटी जास्त रडून प्रसंग आपल्याकडे ओढून घेती. स्मिता ओढत नाही. भूक आपल्याला करून दाखवायची आहे, भोगायची नाही, हे तिच्या चेहऱ्यावर सारखं दिसत राहतं.

1980चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘अकालेर संधाने’ला मिळाला. त्याच वर्षी स्मितालाही अभिनेत्रीचा मिळाला, पण ‘चक्र’साठी. मला विचाराल तर हातुईतली स्मिता ‘चक्र’मधल्या अम्मापेक्षा अवघड होती.