वाडीत उभे केलेले पोल

आमच्या चिंचपाड्याहून समुद्र लांब आहे. मिशनचा दवाखाना आणि सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, या दोन खुणांवर ओळखलं जाणारं हे नवापूर तालुक्यातलं गाव. इथलं पाणी ओढ्यांतून रंगावलीत जातं, रंगावली तापीला मिळते आणि तापी सुरतेच्या पुढं समुद्राला. तेवढाच आमचा त्याच्याशी संबंध. वादळ म्हटलं की आम्हाला आठवतो तो उडालेला पत्रा, फार तर आडवा झालेला ऊस.

२०२० च्या जूनमध्ये ठेकेदाराचा फोन आला, ‘‘पोल उभे करणारी दहा पोरं काढ. रायगडला जायचंय.’’ मी तेव्हा त्याच्या साइटवरचा हिशेब ठेवायचो. हजेरीपट, डिझेल, पोल किती आले, उभे किती झाले, तार किती मीटर लागली. लॉकडाऊनमुळं सुरतची कामं बंद होती आणि पोरं घरी बसून कंटाळली होती, त्यामुळं दहा मागितली तर चौदा आली. साक्री, धुळे, नाशिक करत पिकअप माणगावला पोहोचली. तिथून म्हसळा, बोर्ली पंचतन आणि मग दिवेआगर. माणगावपर्यंत पोरांची मस्करी चालली होती. म्हसळ्याच्या पुढं कुणी बोलेना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोंगरावरची झाडं एकाच बाजूला विंचरल्यासारखी झाली होती आणि ऐन पावसाळ्यात त्यांच्यावर पान नव्हतं.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जूनला दुपारी याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास जमिनीवर आलं. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा. नाव बांगलादेशानं सुचवलेलं, पण मराठीतही ते जसंच्या तसं अर्थानिशी बसलं, त्यामुळं गावात त्यावर कडू विनोद झाले. २००९ च्या नोव्हेंबरातलं ‘फयान’ आठवणारी माणसं भेटली. त्यांच्या मते ते नुसतं भेटून गेलं, हे मुक्कामाला आलं.

पहिला दिवस पोल शोधण्यातच गेला. कागदावर होते तिथं पोल नव्हते. माडांच्या खाली कुठंतरी होते. दिवेआगर म्हणजे समुद्राला समांतर रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांना लांबट वाड्या. घर पुढं, मागं विहीर, मग माड-पोफळी, शेवटी सुरूची रांग आणि पुळण. गावातली वीजही या वाड्यांमधूनच गेलेली. वारा आधी एका अंगानं आला, मग फिरून दुसऱ्या अंगानं, म्हणून झाडंही दोन दिशांना एकमेकांवर पडलेली. तारा त्या ढिगात शिवणीसारख्या अडकलेल्या. क्रेन आत शिरायला वाट नाही, ट्रॅक्टरलाही नाही. मुकादमानं एकदा सगळीकडं फिरून पाहिलं आणि म्हणाला, ‘‘भाऊ, हातानंच.’’

आठ मीटरचा सिमेंटचा पोल हातानं उभा करणं पाहायला सोपं वाटतं. आधी खड्डा, सुमारे दीड मीटर. आमच्याकडं मुरूम लागतो, पहार मारून मारून हात सोलतात, पण खणलेला खड्डा खणलेलाच राहतो. इथं रेती. कमरेइतकं खणलं की कडा आत ढासळणार आणि तळाशी पाणी. पोरांनी पडलेल्या पोफळीचे तुकडे कडेला उभे ठोकून त्यांची भिंत केली. खड्ड्याच्या एका बाजूला उतरता चर काढायचा, पोलाचं बूड त्यात सरकवायचं आणि शेंडा खांद्यावर घ्यायचा. शेंडा माणसाच्या डोक्याच्या वर गेला की खांद्यांचं काम संपतं आणि कैचीचं सुरू होतं. दोन बांबू वरच्या टोकाला दोरानं बांधलेले, त्या फुलीत पोल बसतो. एक कैची धरून ठेवते, तोवर दुसरी पुढं सरकते. दोन बाजूंना दोर ओढून धरणारे. या वेळी एकच माणूस बोलतो, बाकीच्यांनी श्वाससुद्धा त्याच्या आवाजावर घ्यायचा. पोल साठ-सत्तर अंशांवर आला की एक क्षण असा येतो की तो इकडचाही नसतो आणि तिकडचाही नसतो. मग बूड धप्पकन खड्ड्यात बसतं आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम हवा बाहेर पडते. कोरड्या दिवसांत आमची टोळी दिवसाला बारा पोल करते. दिवेआगरला उभारणीच्या पहिल्या दिवशी दोन झाले. रजिस्टरात ‘२’ लिहिताना मला लाज वाटली होती.

आमची मुक्कामाची सोय एका घरगुती निवासात होती. मागं पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, त्यांतल्या एकीचं छप्पर शाबूत. मालकीण सत्तरीच्या आजी. मुलगा-सून मुंबईत अडकलेले. पंधरा गुंठ्यांची वाडी. ‘‘चाळीस माड होते आणि पोफळी तीनशेच्या वर,’’ त्यांनी सांगितलं. उभे अकरा माड आणि साठेक पोफळी. मी मोजल्या होत्या, कारण तार ओढायची तर उभं काय आहे ते पाहावंच लागतं.

वाडी म्हणजे काय हे मला तिथं, ती पडलेल्या अवस्थेत पाहूनच कळलं. आम्ही शेत आडवं बघणारी माणसं. इथं शेती उभी असते, मजल्यांची. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीच्या अंगावर मिरीचा वेल, मध्ये जायफळ, खाली केळ आणि अळू. वरचा मजला खालच्याला ऊन गाळून देतो. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली, श्रीवर्धनला सुपारीचं संशोधन केंद्रही आहे. पण मुंबई-पुण्याची माणसं इथं सुपारी बघायला येत नव्हती, ती येत होती या गाळलेल्या उन्हात झोपाळ्यावर पडायला. समुद्र अर्धा तास, वाडी दिवसभर, असा आजींचा हिशेब. पर्यटनाची सुरुवातही एका वाडीतूनच झाली: १९९७ साली झाडाचं आळं खणताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि गावाकडं गाड्या वळल्या. २०१२ मध्ये दरोडा पडून मुखवटा गेला, तेव्हाही लोक येत राहिले, कारण सावली जागेवर होती. हे माझं मत. गावातल्या काहींना ते पटलं नाही.

आजींच्या पोफळींमधल्या त्या साठांशिवाय आणखी दहा-बारा उभ्या होत्या, पण त्यांना शेंडे नव्हते. एका संध्याकाळी धाकट्या पोरानं लांबून बघून विचारलं, ‘‘हा पोल कुणी लावला?’’ बिनशेंड्याचा माड होता तो. माड-पोफळीला वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, माडाचा शेंडा गेला की झाड उभं राहून मेलेलं असतं. आता पंचनाम्यात ते कुठं धरायचं? तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक आले तेव्हा याच प्रश्नावर बराच वेळ गेला. त्यांची चूक नव्हती, त्यांच्याकडं रकाना ‘पडलेली झाडं’ असा होता. शेवटी समजूतदारपणे शेंडा नसलेली झाडं धरली गेली. शेंडा आहे पण आतून पिळवटलाय, अशांचं काय? ती हिरवी दिसत होती. ती राहिली.

भरपाईचं गणित मला हिशेबनीस म्हणून फार रुचलं नाही. फळबागेला हेक्टरी १८ हजारांचा जुना दर होता, तो सरकारनं या वादळासाठी ५० हजार केला. ऐकायला बरं वाटतं. पण हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आजींच्या पंधरा गुंठ्यांना साडेसात हजार. कोकणात वाडी हेक्टरात कुणाची असते? नंतर ओरड झाल्यावर झाडामागे रक्कम ठरली, नारळाला २५० आणि सुपारीला ५०. त्या हिशेबानं आजींचे एकोणतीस माड आणि अडीचशेच्या घरातल्या पोफळी धरून वीस हजारांच्या आत-बाहेर बसतात. अडीचपट झाले, हे खरं. पण पडलेला माड नुसता तोडून वाडीबाहेर काढायलाच २५० च्या वर जातात, हे आजींनी मला कटरवाल्याला पैसे देतानाच ऐकवलं. माडाचं लाकूड विचित्र असतं. कुऱ्हाड घुसते, ढलपी निघत नाही, नुसती सालटं सुटतात. ‘‘हे लाकूड नाही, गवत आहे,’’ मुकादम म्हणायचा. जळणालाही ते धड नाही. ढीग कुंपणाशी लावले, ते तिथंच भिजत राहिले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका रोहित्राच्या मागची लाइन ओढत होतो. उपकेंद्रातून परमिट घेतलेलं, महावितरणचा वायरमन सोबत. तोही बाहेरच्या जिल्ह्यातून मदतीला आलेला. नियम असा की पुरवठा बंद आहे हे माहीत असलं तरी तारांवर साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या, मगच हात लावायचा. पोरांना याचा कंटाळा. अख्ख्या तालुक्यात वीज नाही, मग साखळी कशाला? वायरमन ऐकेना. त्यानं साखळी टाकली आणि तारेवर निळी ठिणगी चर्रकन फुटली. सगळे थिजले. चार घरं पलीकडं एका निवासात जनरेटर सुरू झाला होता आणि मेन स्विच पाडायचं राहिलं होतं. घरातली वीज उलटी तारेवर आली. ती रोहित्रापर्यंत पोहोचली की रोहित्र तिला उलट चढवतं, २३० ची ११ हजार होते. पर्यटकांच्या गावातला हा खास धोका: आमच्या पाड्यांवर वीज गेली की गेली, इथं प्रत्येक चौथ्या घरात जनरेटर. वायरमन शिव्या देत धावला. मालक बिचारा फ्रीजमधलं इन्सुलिन वाचवायला धडपडत होता. त्यानं हात जोडले. त्यानंतर पोरांना साखळी सांगावी लागली नाही.

गावात वीज टप्प्याटप्प्यानं आली. आसपासच्या काही वाड्यांना महिन्यावर थांबावं लागलं. आजींच्या घरी दिवा लागला तेव्हा आम्ही जेवत होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी उठल्या, विहिरीवरची मोटर लावली आणि पाणी येतंय का ते बघत पाइपाशी उभ्या राहिल्या. इतके दिवस पोहऱ्यानं पाणी ओढून त्यांचा उजवा खांदा धरला होता. जाताना त्यांनी प्रत्येक पोराला दोन-दोन नारळ दिले. खाली पडलेलेच, म्हणाल्या, झाडावरचे द्यायला झाड नाही. आमच्या पैशांतला शेवटचा हप्ता ठेकेदाराकडं अडकला, त्याची कथा वेगळी आणि नेहमीची.

त्याच हप्त्याच्या मागं हिंडताना २०२१ च्या जानेवारीत मी पुन्हा त्या बाजूला गेलो. हॉटेलं ऑक्टोबरात उघडली होती, पुळणीवर गाड्या दिसत होत्या. आमचे पोल आता रस्त्यावरूनच दिसत होते. पूर्वी ते झावळ्यांत लपलेले असणार.

आजी वाडीत होत्या. हातात सुतळी, काखेत वाळक्या झावळ्या. उभ्या राहिलेल्या एकेका पोफळीच्या नैर्ऋत्येकडच्या अंगाला झावळी लावून त्या गुंडाळत होत्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि दुपारनंतरचं तिरपं ऊन त्या बाजूच्या खोडावर बसतं. माडांची सावली होती तोवर काही वाटत नव्हतं. आता खोड भाजतं, आधी पिवळं पडतं, मग तपकिरी, मग उभी भेग. पुढच्या पावसाळ्यात साध्या वाऱ्यालाही झाड त्या भेगेपाशी मोडतं. त्यांनी एक खोड दाखवलं. बोट फिरवलं तर एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला भाजलेल्या पापडासारखं.

‘‘साठ होत्या ना?’’ मी विचारलं.

‘‘त्रेचाळीस. पिळवटलेल्या दिवाळीपर्यंत सुकल्या.’’ म्हणजे सतरा झाडं पंचनाम्यानंतर मेली. ती कुठल्याच कागदावर नाहीत, माझ्या जुन्या रजिस्टरात फक्त ‘उभ्या ६०’ असं आहे.

मधल्या जागेत त्यांनी केळी लावल्या होत्या आणि केळींच्या आडोशाला पोफळीची रोपं. केळ वर्षभरात सावली धरते, पोफळ फळाला यायला पाच-सात वर्षं, माडाला त्याहून जास्त. त्यांनी वर्षांचा विषय काढला नाही, मीही नाही. मी झावळी धरली, त्या सुतळी फिरवू लागल्या.

बाहेर हॉर्न वाजला. पुण्याची गाडी, आत चार माणसं. एकानं काच खाली करून विचारलं, ‘‘काकू, रूम आहे का? आणि एसी?’’

‘‘आहे की. लाइट आहे आता,’’ आजी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, ‘‘गाठ जरा वर घे, इथं ऊन लागतंय बघ.’’