तापलेली स्लॅब आणि वीजबचत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील जुनी स्लॅबची घरे, तसेच शहरांतील जुन्या इमारतींचे सर्वांत वरचे मजले एप्रिल-मे महिन्यांत मध्यरात्र उलटली तरी निवत नाहीत. भर दुपारी गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 1 किलोवॉट सौर ऊर्जा पडते, आणि भिंतींवर ऊन आळीपाळीने येत असले तरी गच्चीवर ते दिवसभर असते. म्हणून अशा घरातील ऊर्जाबचतीची सुरुवात छतापासून व्हायला हवी. प्रत्यक्षात पैसा खर्च होतो तो आधी कूलर-एसीवर आणि अलीकडे सौर पॅनेलवर, आणि या उलट्या क्रमामागे काही रूढ गैरसमज आहेत.

गैरसमज 1 : उष्णतारोधन ही थंड प्रदेशातील घरांची गरज आहे.

वस्तुस्थिती : उष्णतारोधन म्हणजे उष्णतेचे वहन मंदावणाऱ्या पदार्थाचा थर बसवणे. उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, त्यामुळे जो थर युरोपात घरातील ऊब बाहेर जाऊ देत नाही, तोच नागपुरात बाहेरची धग आत येऊ देत नाही. आतबाहेरच्या तापमानात 1 अंशाचा फरक असताना 1 चौरस मीटर छतातून किती वॉट उष्णता जाते, या मापाला 'यू-मूल्य' म्हणतात आणि ते जितके कमी तितके छत चांगले. उघड्या 15 सेंटिमीटर स्लॅबचे यू-मूल्य साडेतीन ते चारच्या घरात असते, तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 2018 च्या 'इको-निवास संहिते'ने नव्या निवासी इमारतींच्या छतासाठी 1.2 ही कमाल मर्यादा घातली आहे. त्याच स्लॅबवर 5 सेंटिमीटर जाडीचे एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनचे घट्ट फोमबोर्ड, बसवले तर हे मूल्य सुमारे 0.55 पर्यंत उतरते.

गैरसमज 2 : कोबा जितका जाड, तितके घर थंड.

वस्तुस्थिती : विटांचे तुकडे, सिमेंट आणि वाळू यांचा कोबा पाणी अडवण्यासाठी आणि गच्चीला उतार देण्यासाठी असतो, तो उष्णता थोडी उशिरा आत सोडतो, पण दिवसभर साठवलेली उष्णता रात्री खोलीतच उतरवतो. 10 सेंटिमीटर कोब्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरते, आणि गळती थांबवण्यासाठी जुन्या कोब्यावर दुसरा कोबा घालण्याची पद्धत तर धोक्याचीच आहे, कारण वावर असलेल्या गच्चीवर माणसे व सामान यांसाठी भारतीय मानकानुसार धरला जाणारा भार चौरस मीटरला 150 किलोच असतो. माळवदाची घरे दुपारी गार राहत, हे खरे. परंतु 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडी भिंती आणि मातीची जड छते कोसळल्यानेच जीवितहानी भीषण झाली, हे विसरता येत नाही. एक्सपीएसचा थर चौरस मीटरला 2 किलोही भरत नाही. मात्र त्यावर फरशीचे किंवा काँक्रीटचे आच्छादन लागते, म्हणून तेवढे वजन हिशेबात धरून संरचना अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि गळती आधी दुरुस्त करावी.

गैरसमज 3 : गच्चीला एकदा पांढरा रंग दिला की काम संपले.

वस्तुस्थिती : पांढरा रंग उष्णतारोधक नसून परावर्तक असतो. मळकट काँक्रीट सुमारे 30 टक्के ऊन परतवते, तर ताजा पांढरा थर 80 टक्क्यांच्या आसपास. थोड्या खर्चात एवढा फरक पाडणारा दुसरा उपाय नाही. परंतु धूळ बसली की परावर्तन घटते आणि साधा चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून गच्ची झाडणे-धुणे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा चुना मारणे हा या उपायाचाच भाग समजावा. तेलंगणाने 2023 मध्ये अशा शीत छतांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले, यावरून या साध्या उपायाचे महत्त्व कळते.

गैरसमज 4 : पाच तारांकित एसी घेतला की वीजबिल आटोक्यात येते.

वस्तुस्थिती : तारे यंत्राची कार्यक्षमता सांगतात, खोलीत शिरणारी उष्णता कमी करत नाहीत. तापलेली स्लॅब धग फेकत राहते, त्यामुळे हवा गार होऊनही शरीराला उकडते आणि रिमोट 18 अंशांपर्यंत खाली नेला जातो. वास्तविक तापमान 1 अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. महावितरणच्या बिलात वरच्या टप्प्यातील युनिटला दर अधिक असतो, आणि वाचलेली युनिटे याच महागड्या टप्प्यातून वजा होतात, म्हणून छतावरील खर्च अपेक्षेपेक्षा लवकर भरून निघतो.

गैरसमज 5 : सरकारी अनुदान कोणत्याही ऊर्जाबचतीला मिळते.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेचे अनुदान छतावरील सौर वीजनिर्मितीसाठी आहे, उष्णतारोधनासाठी नाही. पहिल्या 2 किलोवॉटपर्यंत प्रत्येकी 30,000 रुपये, तिसऱ्यासाठी 18,000 आणि एकूण कमाल 78,000 रुपये असे त्याचे स्वरूप आहे. ही रक्कम प्रकल्प कार्यान्वित झाल्यानंतर ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते. त्यामुळे सुरुवातीची तजवीज घरमालकालाच करावी लागते आणि वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे हेही आधी तपासावे लागते. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंधारण आणि गांडूळखत प्रकल्पांसाठी मालमत्ताकरात 5 ते 10 टक्के सवलत देते, मात्र प्रकल्प चालू स्थितीत असणे ही त्यासाठीची अट आहे.

जिथे अनुदान आहे तिकडे पैसा वळणे स्वाभाविक असले, तरी ज्या उपायाला अनुदान नाही तोच आधी केला तर पुढचा खर्च घटतो, कारण छतातून येणारी उष्णता अडवली की एसीची क्षमता आणि विजेची गरज दोन्ही कमी होतात आणि तेवढेच लहान सौर संयंत्र पुरते. म्हणून गळती, छत, उपकरणे आणि शेवटी पॅनेल हाच क्रम घरमालकाने धरावा; पॅनेल बसल्यावर त्यांच्या सांगाड्याखाली रोधक थर घालणे कठीण होत असल्याने हा क्रम उलटणे पुढे महागात पडते.