क्लोपिडोग्रेल प्रतिरोध
क्लोपिडोग्रेल प्रतिरोध म्हणजे क्लोपिडोग्रेल हे औषध नियमित घेऊनही रक्तातील बिंबाणूंचे (प्लेटलेट) एकमेकांस चिकटणे पुरेसे न थांबणे. हृदयाच्या रोहिणीत स्टेंट बसविलेल्या रुग्णांत यामुळे पुन्हा गुठळी होण्याचा धोका वाढतो. हे औषध मुळात निष्क्रिय असते. यकृतातील विकरे, विशेषतः सीवायपी२सी१९, त्यास सक्रिय करतात. जनुकीय भेदामुळे हे विकर दुर्बळ असल्यास औषधाचा प्रभाव घटतो. असा भेद युरोपीयांपेक्षा भारतीयांसह आशियाई लोकांत अधिक आढळतो. २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याविषयी ठळक इशारा दिला. आम्लपित्तावरील ओमेप्राझोलही याच विकरास अडविते. टिकाग्रेलॉर वा प्रासुग्रेल हे पर्याय आहेत. मात्र त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका अधिक असल्याने निवड डॉक्टरांनीच करावयाची असते.