परवाना, पेला आणि कलम
महाराष्ट्रातील दारूबंदी कायदा १९४९ सालचा असून, परवाना पद्धतीमुळे ही बंदी पुढे बरीच सैल झाली, तरी विनापरवाना मद्यपान कागदोपत्री आजही गुन्हाच आहे, हे बारमध्ये बसणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते. कलम ६६(२) नुसार रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम, किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो औषधातून आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते, त्यामुळे खोकल्याच्या औषधाची सबब सहसा लंगडी पडते. वाहनचालकाला मात्र केंद्रीय मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागू होते. तेथे ३० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडताच पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, मग खिशात मद्यपानाचा परवाना असो वा नसो.