घारीने टाकलेलं पिल्लू

घारीने उचललं, पण कोंबडी अशी काही अंगावर उडाली की घारीची पकड सुटली आणि पिल्लू शेणकुटाच्या ढिगावर पडलं. दीड महिन्याचं गावठी पिल्लू. पाठीवर नखांचे दोन ओरखडे, एक पंख लोंबलेला. नातीने धावत जाऊन उचललं आणि छातीशी घट्ट कवटाळलं.

मी ओरडलो, "सैल कर आधी! जीव जाईल त्याचा."

तिला राग आला. माया करायची नाही तर काय करायचं? तर बाळांनो, ऐका. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये श्वासपटल असतं, ते खाली-वर होतं आणि फुप्फुसं फुगतात. कोंबडीला तसलं पटलच नाही. तिची फुप्फुसं फुगतही नाहीत. अंगात ठिकठिकाणी हवेच्या पिशव्या असतात आणि छातीचं हाड पुढे-मागे हललं की त्या भात्याचं काम करतात. तुम्ही छाती आवळलीत की भाता बंद. पिल्लू निमूट पडून राहतं, आपल्याला वाटतं शांत झालं.

आता तो पंख. पाखराची काही हाडं आतून पोकळ असतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. पण ती पोकळी श्वासाला जोडलेली असते, हे शिकवलं का कुणी? जॉन हंटर नावाच्या स्कॉटिश शल्यविशारदाने 1774 साली लिहून ठेवलंय की त्याने कोंबडीची श्वासनळी बांधली, पंखाचं खांद्याजवळचं हाड कापलं, आणि हवा त्या हाडातून आत-बाहेर होत राहिली! प्रयोग क्रूर होता, मला तो वाचवत नाही. पण त्यातून एक कळतं, हाडातली वाट थेट श्वासात जाते. पिल्लू जसजसं मोठं होतं तसतशी ही हवा हाडात शिरते. म्हणून खांद्याजवळ हाड मोडून जखम उघडी पडली असेल तर तिथे पाणी, औषध काही ओतायचं नाही. सरळ गुरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं. आपल्या पिल्लाचं हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. पंख नेहमीसारखा मिटून, मऊ पट्टीने अंगाशी हलकेच बांधला, छाती मोकळी ठेवून.

नातवाने तोवर चमच्याने पाणी पाजायची तयारी केली होती. तेही थांबवलं. पिल्लाची चोच उघडून बघा, जिभेच्या मुळाशीच एक फट उघडझाप करताना दिसेल. ती श्वासनळी. चमचा ओतलात की पाणी तिथेच जाणार. चोचीचं टोक पाण्यात बुडवायचं, बस्स. ते आपणच मान वर करून गिळेल.

जखम धुवायला लिटरभर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ पुरतं. मग हळद. (हळदीने जास्त बरं आपल्यालाच वाटतं, पण आजीपुढे हे बोलू नका.) जखम चिघळली तरी कोंबडीचा पू आपल्यासारखा वाहत नाही. तिच्या पांढऱ्या पेशींची घडणच निराळी, त्यामुळे तो खव्यासारखा घट्ट होऊन बसतो. दाबून काढायला जाल तर चांगलं मांसही फाटेल. खरी भीती माशीची. उन्हाळ्यात तिची अंडी एका दिवसात फुटतात आणि जखमेत अळ्या वळवळायला लागतात. म्हणून पिल्लू ठेवायच्या खोक्यावर मच्छरदाणीचं कापड हवंच.

खोका अंधारा आणि उबदार ठेवा. कोंबडीचं अंग 41-42 अंशांवर असतं, आपल्याला तो कडक ताप. जखमी पिल्लाला एवढी ऊब टिकवणं जड जातं. एका कोपऱ्यावर बल्ब सोडायचा, दुसरा कोपरा गार राखायचा. नको झालं की ते स्वतःच सरकेल. आणि शेजारच्या पोरांना दाखवायला दर तासाला झाकण उघडायचं नाही! पिल्लाच्या लेखी मोठ्या डोळ्यांचं जे काही वाकून बघतं, ती घारच.

बरं वाटतंय का, हे त्याच्या तोंडावर दिसत नाही. दुखणं दिसलं की शिकारी हेरतो, म्हणून पाखरू दुखणं लपवतं. कण्यांवर चोच मारतं, पण गिळत नाही. तेव्हा शीट बघा. घट्ट शीट आणि वर पांढरी टोपी असेल तर काळजी नको. ती पांढरी टोपी म्हणजे त्याची लघवीच. हिरवट, पातळ दिसली तर बहुधा पोट रिकामं आहे.

खपली गळल्यावरही खुराड्यात सोडायची घाई नको. कोंबड्यांना लाल रंग पटकन दिसतो आणि दिसला की टोचतात. शिवाय खुराड्यात कोण कुणाला टोचणार, हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बेला पोरवयापासून कोंबड्या बघायचा नाद होता, त्याने ही टोचण्याची उतरंड 1922 साली छापून मांडली. बरेच दिवस बाहेर राहिलेलं पिल्लू त्या उतरंडीत उपरं ठरतं. म्हणून आधी काही दिवस त्याला अंगणात डालग्याखाली ठेवायचं, एकमेकांना बघू द्यायचं. मग तिन्हीसांजेला, कोंबड्यांना दिसेनासं झालं की हळूच आत सोडायचं. सकाळी टोची खाऊन बाजूला झालं तर मध्ये पडू नका. रक्त आलं तरच उचला.

"पण आई त्याला ओळखेल ना, आबा?"

तोवर ती पुन्हा अंड्यावर आली असेल, आणि पोटच्या पिल्लांनाही टोचून दूर करत असेल. ह्यालाही टोचलं तर रडू नकोस, बाकीच्यांनाही ती तसंच टोचत असेल.