गायगावचे टँकर आणि वरूडची पट्टी

अमरावती आणि अकोला ही वऱ्हाडातील दोन शहरे एकमेकांपासून शंभर किलोमीटरांच्या आतच वसलेली आहेत; दोहोंची काळी माती एक, कापूस, तूर आणि सोयाबीन ही पिके एक, आणि सोयरिकी तर इतक्या दाट की एका गावच्या तेरवीला दुसऱ्या गावाहून निम्मी एस.टी. भरून यावी, असे असूनही पेट्रोलच्या भावाचे कोष्टक पाहू गेल्यास या दोन शेजाऱ्यांत लीटरमागे कधी काही पैशांचे, कधी रुपयाच्या घरात जाणारे अंतर आढळते, आणि अमरावतीचा भाव वर्षानुवर्षे वरचढ दिसतो. अमरावतीकरांनी कोणता अपराध केला म्हणून त्यांना हा दंड, असा प्रश्न राजकमल चौकात दुचाकी ढकलत नेणाऱ्या गृहस्थाला पडला, तर त्यात नवल नाही. त्याचे उत्तर मात्र अरबस्तानात शोधावे लागत नाही. ते गायगावापासून निघते आणि मुंबईच्या मंत्रालयापर्यंत जाते.

गायगाव हे अकोला जिल्ह्यातील रेल्वेलगतचे गाव. वऱ्हाडात तेलाची विहीर नाही आणि तेल शुद्ध करणारा कारखानाही नाही. तेव्हा बाहेरच्या कारखान्यांत शुद्ध झालेले इंधन रेल्वेच्या वाघिणींतून गायगावच्या आगारात उतरते आणि तेथून टँकरने या मुलखातील पुष्कळशा पंपांपर्यंत पोचते. टँकर पंपावर आला की व्यवस्थापक आधी त्याचे सील तपासतो, मग प्रत्येक कप्प्यात डिपची पट्टी सोडून पातळी पाहतो, काचेच्या उंच भांड्यात नमुना काढून त्यात घनतामापक आणि तापमापक बुडवतो, आणि दोन्ही आकडे वहीत लिहून घेतल्यावरच जमिनीखालच्या टाकीचे झाकण उघडतो. एवढ्या कसोशीने मोजल्या जाणाऱ्या द्रवाच्या किमतीत आगारापासूनची मजल अर्थातच धरलेली असते. जवळच्या पंपाला ती थोडी, धारणी-चिखलदऱ्याच्या बाजूला जास्त. मराठवाड्यातील परभणीचे पेट्रोल २०१८ मध्ये देशातील सर्वांत महाग म्हणून वर्तमानपत्रांत गाजले, त्याच्याही मुळाशी मनमाडजवळच्या आगारापासूनची ही लांबलचक मजलच होती. तेल कंपन्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यांतर्गत वाहतूकखर्चाची फेररचना करून दूरच्या गावांचे भाव काहीसे उतरवले. म्हणजे ही तफावत ईश्वरी संकेत नव्हती, मनात आणले तर ती कमी करता येत होती, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

वाहतुकीहून मोठा वाटा कराचा. पंपावरील भावात कंपनीची मूळ किंमत, वाहतूक, केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि सर्वांत शेवटी राज्याचा मूल्यवर्धित कर असे थर असतात. केंद्राचे शुल्क लीटरमागे ठरीव रुपयांत आहे; राज्याचा कर मात्र शेकडेवारीचा, आणि ती शेकडेवारी आधीच्या सगळ्या थरांच्या बेरजेवर चढते. केंद्राने शुल्क वाढवले की त्या वाढीवर राज्याचा कर आपोआप वाढतो. टँकरची मजल लांबली की त्या मजलेवरही तो बसतो. करावर कर आणि अंतरावरही कर, असा हा दुहेरी जुलूम. त्यातही महाराष्ट्राने राज्याचे दोन भाग कल्पिले होते. १ जून २०२० पासून लागू झालेल्या दरांत मुंबई, ठाणे, नवी मुंबई, अमरावती आणि औरंगाबाद या शहरांसाठी पेट्रोलवर शेकडा २६, तर अकोल्यासह उर्वरित भागासाठी शेकडा २५, शिवाय दोहीकडे लीटरमागे १० रुपये १२ पैसे अतिरिक्त; डिझेलवर त्याच पाच शहरांत शेकडा २४ आणि अन्यत्र २१. करपात्र किंमत पाऊणशे रुपये धरली तर पेट्रोलमध्ये पाऊण रुपयाचा आणि डिझेलमध्ये सव्वादोन रुपयांचा फरक एवढ्यानेच पडतो. मुंबईच्या पंक्तीला बसण्याचा मान अमरावतीला उद्योगधंद्यांत, विमानतळात वा नोकऱ्यांत फारसा लाभला नव्हता. तो कराच्या अनुसूचीत तेवढा विनासायास मिळाला.

अतिरिक्त कराची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १ ऑक्टोबर २०१५ रोजी राज्य सरकारने दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल व डिझेलवर लीटरमागे २ रुपये बसवले. हेतू उदात्त होता, आणि दुष्काळ विदर्भ-मराठवाड्याचाच होता. फक्त ज्या कास्तकाराच्या नावाने वसुली सुरू झाली, त्याच्याच ट्रॅक्टरच्या टाकीतून तिचा काही भाग निघत होता. पुढे पाऊस पडला, पण अधिभाराची सवय सरकारला जडली होती. २०१७ मध्ये तो वाढला, त्याच साली ओरड झाल्यावर काहीसा उतरला, टाळेबंदीत पुन्हा चढला, आणि जुलै २०२२ मध्ये पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपयांची सवलत जाहीर झाली.

टाळेबंदीचा विषय निघालाच आहे तर त्या वर्षाचा हिशेब मांडलाच पाहिजे. एप्रिल २०२० मध्ये जगभरची मागणी अशी कोसळली की २० एप्रिल रोजी अमेरिकेच्या वायदेबाजारात कच्च्या तेलाचा भाव शून्याखाली गेला, म्हणजे तेल विकणाराच ते उचलून नेण्यासाठी वर पैसे देऊ लागला. वऱ्हाडातील ग्राहकाला त्या स्वस्ताईचा थेंबही दिसला नाही. मार्च आणि मे या दोन हप्त्यांत केंद्राने पेट्रोलवरील शुल्क १९ रुपये ९८ पैशांवरून ३२ रुपये ९८ पैशांवर, आणि डिझेलवरील १५ रुपये ८३ पैशांवरून ३१ रुपये ८३ पैशांवर नेले; तेल उतरले ते सारे तिजोरीत उतरले. सरकारला पैशाची निकड होती, हे खरे. परंतु जून २०१० मध्ये पेट्रोलचे, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त करताना, आणि १६ जून २०१७ पासून ते रोज सकाळी सहाला बदलू लागताना, बाजार चढला तर भाव चढेल आणि उतरला तर उतरेल असे जे सांगितले गेले होते, त्यातील उत्तरार्ध त्या वर्षी विस्मरणात गेला. मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली ती पुढच्याच वर्षाच्या मे महिन्यात.

भाव बाजाराच्या हाती दिला असे म्हणतात, पण बाजारालाही पंचांग पाहावे लागते. नोव्हेंबर २०२१ च्या आरंभी, दिवाळीत, केंद्राने शुल्क उतरवल्यानंतर दर जे स्थिर झाले ते साडेचार महिने जागचे हलले नाहीत. या काळात रशियाने युक्रेनवर स्वारी केली, कच्चे तेल पिंपामागे शंभर डॉलरांपलीकडे गेले, तरी पंपावरचा आकडा ध्यानस्थ. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या, निकाल लागले, आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरा-सोळा दिवसांत भाव दहा रुपयांनी वर गेला. या दोन घटनांचा परस्परसंबंध काय, ते वाचकांनीच ठरवावे.

आता पंपाकडे पाठ फिरवून शिवारात जाऊ. कारण इंधनाच्या भाववाढीचा खरा इतिहास वऱ्हाडात दुचाकीच्या टाकीत लिहिलेला नसून गोठ्यात लिहिलेला आहे.

नोव्हेंबर १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केल्यावर देशात पेट्रोल महागले, तेव्हा अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते. दिल्लीत तो निषेध ठरला. त्या वेळी दर्यापूर-मूर्तिजापूरच्या बाजूला बंडीतून जाणे हा निषेध नव्हे, रोजचा रिवाज होता. शेतकऱ्याचे इंधन तेव्हा शेतातच पिकत असे. ज्वारी काढली की कणीस माणसाला आणि कडबा बैलाला. कपाशीची सरकी गाळली की तेल घरात आणि ढेप गोठ्यात. बैल आजारी पडे, म्हातारा होई, प्रसंगी कर्ज काढून दुसरी जोडी घ्यावी लागे, हे सगळे खरे. पण कुवेतमध्ये काय घडले याची त्याला बातमी नसे. १९९० नंतर सोयाबीन आले. तीन-साडेतीन महिन्यांत रोख पैसा देणाऱ्या त्या पिकाने ज्वारीला शिवाराबाहेर काढले आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार निघते, परंतु कडब्याची सर त्याला नाही. कडबा महागला म्हणून बैलजोडी पोसणे परवडेना, जोडी विकली म्हणून नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी, मळणी अशी एकेक कामे ट्रॅक्टरकडे गेली. अशा रीतीने, कोणी हुकूम न काढता, एका पिढीच्या आत वऱ्हाडी शेती घरच्या वैरणीवरून आयात तेलावर आली. आज जूनमध्ये पावसाची सर पडून वाफसा झाला की साऱ्या गावाला एकाच आठवड्यात ट्रॅक्टर हवा असतो. मालक एकराचा भाव सांगतो, त्यात डिझेल धरलेले असते, आणि गेल्या साली डिझेल वाढले म्हणून वाढवलेला भाव यंदा ते दोन रुपयांनी उतरले तरी तो कमी करत नाही. त्याला तरी दोष कसा द्यावा? त्याच्यापुढे सरकारचाच कित्ता आहे.

प्रवासाचेही तसेच झाले. मूर्तिजापूरहून एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जाणारी अरुंदमापी ‘शकुंतला’ कापूस वाहण्यासाठी घातली गेली होती, आणि १९२१ साली मँचेस्टरला बांधलेल्या तिच्या वाफेच्या इंजिनाने १९९४ पर्यंत काम केले. ती इतकी संथ होती की थट्टेला विषय पुरवण्यापलीकडे तिचा उपयोग नाही असे शहरी मंडळींना वाटे. पण अंजनगाव-दर्यापूरच्या मजुरिणीला, भाजीच्या टोपलीसकट, तिच्याइतके स्वस्त वाहन दुसरे नव्हते. ती बंद पडली. रुळांवरून जाणारी माणसे रस्त्यावर आली, आणि एका गाडीत शेकडो जणांत वाटले जाणारे डिझेल काळी-पिवळीत दहा-बारा जणांत वाटले जाऊ लागले. लोणी ते मूर्तिजापूर हा पाऊणशे किलोमीटरांचा डांबरी थर जून २०२२ मध्ये पाच दिवसांच्या आत अंथरून जागतिक विक्रम झाला, त्याचा अभिमान मलाही आहे. मात्र गुळगुळीत रस्त्यामुळे वाचलेल्या डिझेलाचा बराचसा भाग टोलनाका परत घेतो. एस.टी.ने ऑक्टोबर २०२१ मध्ये शेकडा १७.१७ आणि जानेवारी २०२५ मध्ये शेकडा १४.९५ अशी भाडेवाढ केली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट लागते, ही सवलत नसती तर खेड्यातल्या किती मुलींचे तालुक्याचे कॉलेज सुटले असते, याचा अंदाज सकाळच्या गाडीतील गर्दी पाहून यावा.

घरखर्चात इंधन असे आडवाटेने शिरते. नाशिकचा कांदा अकोल्याच्या जनता भाजी बाजारात येईपर्यंत मोटारभाडे त्याच्या भावात मिसळलेले असते. साबण, सिमेंट, औषध, वह्या, सारे बाहेरून येते आणि भाड्यासह येते. येथवर हे सर्व मुलखांसारखेच. वऱ्हाडाचे दुर्दैव पुढे आहे. येथून जाणाऱ्या मालाचे भाडेदेखील वऱ्हाडच भरते. व्यापारी खर्च वाढला की भाव वाढवतो. कास्तकार भाव ठरवीतच नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झालेला असताना बाजार समित्यांत त्याहून शेकडो रुपये कमीने माल गेला. मळणीचे डिझेल महाग पडले असे सांगायला तेथे खिडकी नसते.

वरूड-मोर्शीच्या संत्र्यात हे अधिक स्वच्छ दिसते. आंबिया बहराचे फळ तोडून, क्रेट भरून, ट्रक दिल्लीकडे वा कोलकात्याकडे रवाना होतो, आणि काही दिवसांनी आडत्याची पट्टी येते. लांबट चिठोरा, वर मालाचे वजन व भाव, खाली एकाखाली एक वजावटी: हमाली, तोलाई, आडत, मोटारभाडे. यांत सर्वांत जड आकडा बहुधा मोटारभाड्याचा. “दिल्लीत संत्रं महागलं म्हंतेत, मंग आपल्या पट्टीत काऊन नाही वाढलं?” असे एका म्हाताऱ्या बागाईतदाराने मुलाला विचारलेले मी ऐकले आहे, आणि मुलाने काही न बोलता त्या एका ओळीवर बोट ठेवले होते. तीत उत्पादन शुल्क आहे, मूल्यवर्धित कर आहे, वाटेतल्या राज्यांच्या पंपांवर भरलेले त्या त्या राज्यांचे कर आहेत. पट्टीवर त्यांची नावे तेवढी नाहीत.

इतर बहुतेक मालावर भरलेला कर पुढच्या व्यवहारात वळता करून घेण्याची सोय वस्तू व सेवा कराने १ जुलै २०१७ पासून करून दिली. परंतु कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन ही पाच द्रव्ये त्या व्यवस्थेबाहेर ठेवली गेली, त्यामुळे ट्रकमालकाने डिझेलवर भरलेला कर त्याला कोठूनही परत मिळत नाही आणि तो भाड्यातच मुरतो. घटनेने ही द्रव्ये आत घेण्याच्या तारखेची शिफारस करण्याचे काम जीएसटी परिषदेकडे सोपवले आहे. केरळ उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत हा विषय पटलावर आला. केंद्र आणि राज्ये एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत अशा काळातही या एका बाबतीत त्यांचे चटकन एकमत झाले, आणि तशी वेळ अद्याप आलेली नाही, असा निर्णय नोंदवून परिषद पुढच्या विषयाकडे वळली.