वरच्या मजल्याचा तवा आणि कारखान्यात बनलेलं छत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर, बोलण्यातला पसारा थोडा आवरून.

आई-बाबा बीडला राहतात, चार मजली बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर. बिल्डिंग जवळजवळ माझ्याच वयाची. मे महिन्यात वर्क फ्रॉम होम घेऊन गेलो, तर रात्री दहा वाजताही कूलर गरम हवा फेकतोय. बाबांना बीपी, त्यात लाइटचा लपंडाव. मी आयआर थर्मामीटर मागवला. दुपारी दोनला गच्चीचा कोबा ५८ अंश. रात्री दहाला बेडरूमचा स्लॅब खालून ३९. बाहेर वारं सुटलंय आणि आपण तव्याखाली झोपलोय!

काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री घरात सोडतं. आजीच्या गावच्या माळवदात असं होत नसे, कारण लाकडावर मातीचा जाड थर असायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात दगडमातीच्या घरांची धास्ती बसली. लोक काँक्रीटकडे वळले ते बरोबरच, पण मातीचा थर गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही.

मग मी शोधत बसलो की जुनी बिल्डिंग न पाडता हा थर परत कसा आणायचा. नेदरलँड्समध्ये एनर्जीस्प्रॉन्ग नावाचा प्रकार आहे. जुन्या घराचं बाहेरून लेझरने माप घेतात. त्या मापाच्या भिंती, खिडक्यांसकट, कारखान्यात बनतात. छतही सोलर बसवून तयार येतं. क्रेनने आणून जुन्या घरावर जणू स्वेटर चढवतात. काम काही दिवसांत संपतं, राहणाऱ्यांना घर सोडावं लागत नाही.

आता, हे जसंच्या तसं बीडला आणायचं नाही. त्यांचा वैरी थंडी, आपला वैरी ऊन, आणि ते सगळ्यात जास्त येतं डोक्यावरून. म्हणजे आपल्याला स्वेटर नको, टोपी पाहिजे.

टोपीचं सामान आपल्याकडे आहेच. कोल्ड स्टोरेजच्या भिंतींना वापरतात ते पफ पॅनेल : दोन पत्र्यांमध्ये फोम, कारखान्यातून तयार. गच्चीसाठी फोमवर काँक्रीटचा थर दिलेल्या तयार लाद्याही येतात. हिशेब ऐका. एक चौरस मीटर छतातून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना, किती वॉट उष्णता आत येते ते मोजतात. नुसत्या पाच इंची स्लॅबचा आकडा ३ च्या पुढे जातो. नव्या निवासी इमारतींसाठी केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत मर्यादा आहे १.२. दोन इंच पफ टाकला की आकडा अर्ध्याच्याही खाली येतो. तेवढंच काँक्रीटने अडवायचं म्हटलं तर साधारण दहा फूट जाड स्लॅब लागेल!

आणि हा थर स्लॅबच्या वर हवा. खालून फॉल्स सीलिंग केलं तर स्लॅब तापतोच, फक्त आपल्याला दिसत नाही.

एक धोका मात्र आहे. फोम जळतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला नूतनीकरणात बाहेरून क्लॅडिंग बसवलं होतं. १४ जून २०१७ च्या आगीत त्यावरूनच आग वर चढत गेली, ७२ माणसं गेली. म्हणून भिंतीला किंवा जिन्याजवळ पॅनेल लावायचं असेल तर फोमऐवजी रॉकवूलचं मागा, महाग पडलं तरी. फायर टेस्टचा कागद बघितल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका.

खरी अडचण मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळली. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्या घरात गारवा आहे, आम्ही कशाला पैसे द्यायचे?" चूक नाही त्यांची. एनर्जीस्प्रॉन्गची डच घरं बहुतेक गृहसंस्थांची, मालक एकच. आपल्याकडे सोळा फ्लॅट, सोळा मालक, आणि गच्ची सगळ्यांची. मी इंजिनिअर, मला वाटलं आकडे दाखवले की काम झालं. कुणी एक्सेल बघितलंसुद्धा नाही.

मग दुसरी वाट काढली. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याची मोटर, जिन्यातले लाइट यांचं बिल सगळेच भरतात, म्हणून सोलरला काकाही तयार झाले. उंच स्टँडवर बसवलेलं सोलर स्लॅबला सावली देतं, खालून वारा खेळतो. सावलीखेरीज उरलेल्या गच्चीवर तयार लाद्या, त्यांचा खर्च आम्ही वरचे चार फ्लॅट उचलणार.

तोवर मी आणि बाबांनी मिळून चुन्याचे दोन हात मारले. परवा रात्री दहाला स्लॅब ३५ होता. बाबा म्हणाले, चार अंशांनी काय होतंय. झोपले मात्र पहाटेपर्यंत. लाद्यांचं कोटेशन रविवारी येतंय.